पोट्ट्यांचा दादा

गांधीबागेतून संध्याकाळी सहाच्या सुमारास चालत जाणे ही एक कसरतच असते. कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या हातगाड्या, दोन्ही बाजूंना दाटीने उभ्या केलेल्या दुचाक्या, दुकानाच्या पायरीवर बसून चहा घेणारे हमाल आणि सेंट्रल एव्हेन्यूवर आले की डोक्यावरून धडधडत जाणारी मेट्रो. विदर्भातल्या गावोगावच्या दुकानदारांचे कापड या घाऊक बाजारातून जाते. या दुकानांत गठ्ठे उचलणारी, थान उलगडून दाखवणारी, बिले लिहिणारी कितीतरी मुले अठरा-वीस वर्षांची असतात. दुकानाचे शटर खाली आले की हीच मुले चौकात, पानठेल्यापाशी, मंडळाच्या ओट्यावर जमतात. नागपूरकर त्यांना ‘पोट्टे’ म्हणतात. या एका शब्दात राग, लाड, कौतुक आणि काळजी सगळेच आले. कोणत्या वेळी काय समजायचे, ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून.

पोट्टे आले की त्यांचा एक दादाही आलाच. कधी तो आखाड्यातला वस्ताद असतो, कधी गणेश मंडळाचा अध्यक्ष, कधी कबड्डीच्या संघाचा कप्तान. तरुणांना एकत्र बांधण्याची विद्या या शहराला नवीन नाही. गांधीबागेला लागून असलेल्या महालात १९२५ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली आणि रोजच्या शाखेची पद्धत येथूनच देशभर गेली. १९५६ साली दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून तेथे लोटणाऱ्या लाखोंच्या गर्दीची व्यवस्था तरुण स्वयंसेवक पाहत आले आहेत. पिवळी-काळी मारबत काढणारे, तान्हा पोळ्याला लहान मुलांना लाकडी बैल घेऊन रांगेत उभे करणारे, तेही अशा दादांचेच हात.

याच शहरात आणखी एक दादा असतो. त्याची ओळख बाकीच्या शहराला फारशी नसते. तो ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचा दादा. कधी ती ताई असते. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात रात्री गिटार आणि ढोलकी घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरणारा मुलामुलींचा घोळका आपण पाहिलेला असतो. त्या घोळक्याच्या मागे, सगळे नीट घरी पोचतील ना याची मोजदाद करीत चालणारा जो एक मनुष्य असतो, तो हा. त्याला पगार नसतो, गणवेश नसतो. तो बँकेत, शाळेत, रेल्वेत किंवा एखाद्या दुकानात नोकरी करतो आणि उरलेला रविवार या मुलांना देतो. हे काम वरून सोपे दिसते. ते किती अवघड आहे आणि त्यात काय पणाला लागलेले असते, हे जरा जवळून पाहण्याजोगे आहे.

कापडाच्या दुकानातून सुरुवात

चर्चच्या तरुण मंडळांची जगभरातली कूळकथा शोधू लागलो, तर ती चक्क एका कापडाच्या दुकानात जाऊन पोचते. गांधीबागेच्या वाचकाला हे ऐकून गंमत वाटेल. लंडनला सेंट पॉल कॅथीड्रलच्या परिसरात हिचकॉक अँड रॉजर्स या नावाची एक मोठी कापडपेढी होती. जॉर्ज विल्यम्स नावाचा खेड्यातून आलेला एक तरुण तेथे नोकरीला होता. त्या काळी दुकानातली पोरे दुकानाच्याच माडीवर राहत. रोज बारा-चौदा तास उभे राहून काम करायचे आणि रात्री दाटीवाटीने झोपायचे. बाहेर पडले तर समोर दारूचे गुत्ते. घर दूर, ओळखीचे कोणी नाही. अशा वेळी विल्यम्सने आपल्या सोबत्यांना माडीवरच्या एका खोलीत प्रार्थनेसाठी आणि वाचनासाठी जमवायला सुरुवात केली. ६ जून १८४४ रोजी बारा तरुणांनी मिळून जी संस्था काढली, तिचे नाव यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन. आज आपण तिला वायएमसीए म्हणून ओळखतो.

या गोष्टीत लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की ही संस्था कोणा बिशपने किंवा मोठ्या धर्मोपदेशकाने काढलेली नव्हती. काढणारा स्वतः दुकानातला पोरगा होता आणि ज्यांच्यासाठी काढली तेही दुकानातलेच. एकाकी पडलेल्या तरुणाला कशाची भूक असते, हे त्याला पुस्तकात वाचावे लागले नाही.

पुढे याच संस्थेच्या व्यायामशाळांतून दोन खेळ जन्माला आले. अमेरिकेत स्प्रिंगफील्डला १८९१ साली जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही म्हणून धुमाकूळ घालणाऱ्या विद्यार्थ्यांना काहीतरी काम हवे होते. चारच वर्षांनी विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल शोधला. भारतात या खेळांचा प्रसार झाला त्यातही वायएमसीएचा मोठा वाटा आहे. हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला वायएमसीएतर्फे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले आणि तेथे तयार झालेले क्रीडाशिक्षक देशभर गेले. आज विदर्भातल्या एखाद्या गावच्या शाळेत जी व्हॉलीबॉलची जाळी ताणलेली दिसते, तिचा एक धागा असा प्रार्थनेच्या खोलीपर्यंत जातो.

वांड मुलांसाठी काढलेली दुसरी संस्था म्हणजे बॉइज ब्रिगेड. ग्लासगो शहरात विल्यम अलेक्झांडर स्मिथ नावाचे एक गृहस्थ रविवारच्या धर्मशाळेत शिकवीत. दहा-बारा वर्षांपुढची मुले काही केल्या ऐकत नसत. स्मिथ स्वयंसेवक सैन्यदलात कवायत घेत, तेथे तीच वयाने थोडी मोठी माणसे निमूट ऐकत. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मुलांना गप्प बसवण्याऐवजी त्यांना काहीतरी करायला द्यावे. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी फ्री चर्चच्या मिशनच्या एका सभागृहात कवायत, खेळ आणि प्रार्थना यांची सांगड घालून त्यांनी पहिली तुकडी उभी केली.

नागपूरचा स्कॉटिश मास्तर

फ्री चर्च हे नाव नागपूरला परके नाही. त्याच स्कॉटिश फ्री चर्चच्या लोकांनी त्याच १८८३ साली नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू केले. ज्यांच्या नावाने ते उभे राहिले ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली, म्हणजे भोसल्यांचे राज्य असतानाच, येथे आले. वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी त्यांनी शहरात मुलांची शाळा काढली. आज ज्याला आपण ‘युवा नेतृत्व’ असे भारदस्त नाव देतो, ते काम हिस्लॉप यांनी फळा-खडू हातात घेऊन केले.

धर्मप्रसारक म्हणून ते आले हे खरे, आणि त्या काळात त्यावरून शहरात वादही झाले. परंतु नागपूरने त्यांना लक्षात ठेवले ते त्यांच्या कुतूहलासाठी. टाकळीच्या दगडांत त्यांना लाखो वर्षांपूर्वीची फळे, बिया आणि शिंपले सापडले. त्यावरचे त्यांचे लेखन इंग्लंडमधल्या भूशास्त्रज्ञांनी मान्य केले. ‘हिस्लॉपाइट’ या खनिजाला त्यांचे नाव मिळाले. गोंडांच्या भाषेचा आणि चालीरीतींचा त्यांनी अभ्यास केला आणि एका प्रधानाच्या तोंडून लिंगोची सबंध गाथा ऐकून लिहून घेतली. ते सारे कागद त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, सर रिचर्ड टेंपल यांनी छापून प्रसिद्ध केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची पुरातन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात हिस्लॉप वाहून गेले. तेव्हा त्यांनी सेहेचाळीस वर्षेही पुरी केली नव्हती.

तरुण संघाच्या दादाने यातून काय घ्यावे? माझ्या मते एकच गोष्ट. समोरच्याकडे सांगण्याजोगे काही आहे असा विश्वास. जो माणूस गोंड प्रधानासमोर बसून तासन्तास ऐकू शकतो, तोच वर्गातल्या पोरांचेही ऐकू शकतो. ज्याला केवळ सांगायचेच असते, त्याच्याभोवती मुले फार दिवस टिकत नाहीत. ती सभ्यपणे येतात, मान डोलावतात आणि बारावी झाली की दिसेनाशी होतात.

रविवारची दोन तासांची सभा

तरुण संघ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे ख्रिस्तेतर वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजाला ‘मंडळी’ म्हणतात आणि धर्मगुरूला ‘पाळक’. लहान मुलांसाठी रविवारची शब्बाथ शाळा असते, स्त्रियांसाठी महिला संघ असतो आणि साधारण पंधरा ते तीस वयाच्या मुलामुलींचा तरुण संघ. कॅथलिक धर्मग्रामात नावे निराळी असतात, रचना थोडी वेगळी असते, पण गाभा तोच. उपासना आटोपल्यावर किंवा संध्याकाळी दीड-दोन तास जमायचे. गाणी, पवित्र शास्त्रातल्या एखाद्या उताऱ्यावर बोलणे, एखादा खेळ, पुढच्या कार्यक्रमाची वाटणी आणि चहा.

वर्षाचे चक्रही ठरलेले असते. ईस्टरच्या पहाटेची उपासना, मे महिन्याच्या काहिलीत लहान मुलांसाठी सुट्टीतले वर्ग, कापणीचा सण, आंतरमंडळी क्रिकेट किंवा प्रश्नमंजूषा आणि मग डिसेंबर. गव्हाणीचा देखावा, नाटक, गाण्यांच्या तालमी, घरोघरच्या फेऱ्या. मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळाला केकच्या जोडीला करंज्या आणि चकल्याही असतात, त्यामुळे फेरीला निघालेल्या पोरांची चंगळ असते.

या सगळ्यात एक मोठा सापळा आहे. हौशी दादा सगळे स्वतः करतो. नाटक तोच लिहितो, मंडपवाल्याशी तोच बोलतो, प्रार्थनाही तोच करतो. कार्यक्रम देखणा होतो, वडीलमंडळी पाठ थोपटतात. आणि दादाची बदली पुण्याला झाली की दोन महिन्यांत संघाला कुलूप लागते.

या दुखण्यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी २ फेब्रुवारी १८८१ रोजी आपल्या घरी तरुणांची एक सभा काढली. तिचे नाव ख्रिश्चन एन्डेव्हर. ही चळवळ पुढे जगभर पसरली आणि १९०९ साली तिचे जागतिक अधिवेशन आपल्याकडे आग्र्याला भरले. क्लार्क यांनी दोन साधे नियम केले होते. पहिला असा, की प्रत्येक सभासदाने प्रत्येक सभेत गाण्याव्यतिरिक्त काहीतरी भाग घेतलाच पाहिजे. एक वाक्य बोला, एक वचन वाचा, एक प्रश्न विचारा, पण नुसते बसू नका. दुसरा असा, की प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या समितीत असलेच पाहिजे. कोणी सभेची तयारी करील, कोणी पाहुण्यांची ऊठबस. एका समितीचे काम तर एवढेच, की नवे कोण आणता येईल आणि जुने कोण येईनासे झाले याच्यावर नजर ठेवायची.

हे दोन नियम आजही कोणत्याही मंडळाला, वाचनालयाला, मोहल्ल्याच्या क्रीडासंघाला लावून पाहावेत. लाजाळू मुलगा पहिल्या सभेत दोन शब्द वाचताना थरथरतो. सहा महिन्यांनी तोच सूत्रसंचालन करतो. त्याच्या आईला घरी बसून हा फरक कळतो. मुले कार्यक्रमाला येतात, माणसाला टिकतात आणि जबाबदारीने मोठी होतात, असा हा सरळ हिशेब आहे.

टिळकांच्या घरातला ठोंबरे

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात तरुणांना हाताशी धरणाऱ्या माणसांची आठवण काढायची, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचा नागपूरशी संबंध होता. येथले धनिक आप्पासाहेब बुटी यांच्याकडे ते काही काळ संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. त्याच सुमारास राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर घरात जी उलथापालथ झाली, ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. याच लक्ष्मीबाई १९३३ साली नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा होत्या.

टिळकांचे नगरचे घर हे एक तऱ्हेने चालतेबोलते तरुण मंडळच होते. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, येणारेजाणारे. कोण कधी जेवायला बसेल याचा नेम नसे. या पसाऱ्याचा भार वाहिला तो लक्ष्मीबाईंनी, हे विसरून चालणार नाही. तरुणांचे दादा नावाजले जातात, पण त्यांच्या पाहुण्यांसाठी रात्री साडेनऊला पुन्हा कणीक भिजवणारे हात बहुधा पडद्याआड राहतात.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा धरणगावचा मुलगा आला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली होती. टिळकांनी त्याला आपल्या घरी नगरला आणले, मुलासारखे वागवले, त्याच्या कवितेला मोकळे रान दिले. टिळक स्वतः धर्मासाठी घरदार पणाला लावलेले. ठोंबरे मात्र त्यांच्या घरी राहूनही हिंदूच राहिला, आणि त्यामुळे त्या घरातल्या प्रेमात काही उणे पडले नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, वय अवघे सत्तावीस. टिळकही वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी गेले.

तरुणांमध्ये काम करणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाने ही गोष्ट उशाशी ठेवावी. आपली श्रद्धा पक्की असणे आणि समोरच्या मुलाला त्याच्या वाटेने वाढू देणे, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकतात. आपल्याकडे आज या विषयावर फार संशय आहे. मंडळीच्या खेळाला शेजारचा हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान मुलगा आला, तर घरचे विचारतात, “तिकडे काय शिकवतात?” विचारणारच. तरुण संघाच्या दादाने यावर रागावू नये. शेजारच्या मुलाच्या आईवडिलांना आधी भेटावे, कार्यक्रम काय आहे ते सांगावे, त्यांची परवानगी घ्यावी आणि त्यांनाही चहाला बोलवावे. दार उघडे असले की कुजबुज आपोआप कमी होते.

गिटार, हार्मोनियम आणि रविवारची टेस्ट

आजच्या तरुण संघापुढचे प्रश्न मात्र टिळकांच्या काळापेक्षा निराळे आहेत. पहिला प्रश्न वेळेचा. नागपूर हे शिकवणी वर्गांचे शहर झाले आहे. दहावीनंतर नीट आणि जेईईच्या वर्गांत गेलेल्या मुलाची परीक्षा नेमकी रविवारी सकाळी असते. उपासना की टेस्ट, असा पेच घरोघरी पडतो. दुकानात, मॉलमध्ये काम करणाऱ्या मुलांना तर रविवार हाच सर्वांत गर्दीचा दिवस. अशा मुलांना “तुला देवापेक्षा परीक्षा मोठी झाली का?” असे विचारणारा दादा त्यांना कायमचा गमावतो. जो सभेची वेळ बदलून पाहतो, परीक्षेच्या आदल्या रात्री फोन करतो, निकाल वाईट लागल्यावर घरी जाऊन बसतो, त्याच्याकडे ती परत येतात.

दुसरा प्रश्न गाण्याचा, म्हणजे खरे तर भाषेचा. ‘उपासना संगीत’ या जुन्या गीतपुस्तकात टिळकांपासून कितीतरी कवींची मराठी भक्तिगीते आहेत, देशी चालींवर बांधलेली. आजींना ती पाठ असतात. नातवंडांना इंग्रजी आणि हिंदी गाणी हवीत, गिटार आणि ड्रम हवेत. यावरून मंडळीत ज्या कुरबुरी होतात त्या ऐकल्या की वाटते, खरा वाद वाद्यांचा नाहीच. ही जागा आमचीही आहे का, असे मुले विचारीत असतात, आणि आमचे सगळे पुसले जाणार का, असे वडीलधारे विचारीत असतात. शहाणा दादा यात न्यायाधीश होत नाही. तो एखाद्या आजींना संघाच्या सभेत बोलावतो, एक जुने पद त्यांच्याकडून शिकून घ्यायला लावतो आणि गिटार-तबल्यावर बसवून पुढच्या रविवारी मंडळीपुढे म्हणवून घेतो. आजी पहिल्या बाकावर बसून मान डोलावतात. मुलांनाही एक मराठी पद कायमचे येते. मराठी ख्रिस्ती समाजाने या भाषेला काय दिले, हे त्याच्याच मुलांना ठाऊक नसावे याहून वाईट काय? १८७३ साली निघालेले ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक, १९५५ पासून वसईतून निघणारे ‘सुवार्ता’, आणि त्याचे संपादन वर्षानुवर्षे करून २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ही सारी त्यांच्या हक्काची वडिलोपार्जित इस्टेट आहे.

तिसरा प्रश्न पोटापाण्याचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही नाही. त्यांतली अनेक कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती प्रथम हिंदूंना, पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना मिळाल्या नाहीत. महाराष्ट्रात त्यांना इतर मागास वर्गात धरले जाते. २०२२ साली केंद्र सरकारने धर्मांतरितांच्या या प्रश्नासाठी एक आयोगही नेमला. या धोरणावर मते काहीही असोत, बारावीच्या मुलाला मात्र प्रवेशाच्या तारखेआधी कोणता दाखला कोठे काढायचा हे कळले पाहिजे. एका रविवारी प्रवचनाऐवजी ही माहिती सांगणारी सभा घेतली, तर तीही सेवाच आहे.

आणि चौथा प्रश्न, जो बोलायला अवघड, पण टाळता न येणारा. मुलामुलींची सुरक्षितता. पालक आपली पोर दादावर विश्वास टाकून सहलीला पाठवतात. त्या विश्वासाला नियमांचे कुंपण हवे. सहलीला पालकांची लेखी परवानगी, सोबत किमान दोन मोठी माणसे आणि त्यात एक बाई, एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत न भेटणे, रात्री-अपरात्री खासगी निरोप न पाठवणे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे हा गुन्हा आहे. चांगल्या माणसाला या नियमांचा जाच होत नाही. उलट तेच त्याच्या चांगुलपणाचे रक्षण करतात. पैशाचेही तसेच. वर्गणी पन्नास रुपयांची असो की पाच हजारांची, हिशेब मुलांच्याच हाती द्यावा आणि दर महिन्याला वाचून दाखवावा. सार्वजनिक पैसा म्हणजे काय, हे त्यांना याहून स्वस्तात कोठे शिकायला मिळणार?

या चारही प्रश्नांच्या तळाशी एक गप्प मुलगा किंवा मुलगी असते. गाण्यात असते, चहाला असते, पण मनाने नसते. घरी बापाची दारू असेल, नोकरी सुटली असेल, कोणावर मन जडले असेल आणि ते सांगता येत नसेल. पाळकांशी बोलायची भीती वाटते, आईशी बोलायची लाज वाटते. मधल्या वयाचा दादा किंवा ताई हाच त्याचा एक आधार. अशा वेळी उपदेशाची घाई घातक ठरते. ऐकून घ्यावे, आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे सोबत जावे आणि ऐकलेले चौकात बोलू नये. एका तरुण संघाने वर्षभरात नाटके किती केली याची नोंद अहवालात होते. एखादे पोर त्या वर्षी खोल विहिरीच्या काठावरून मागे फिरले असेल, तर त्याची नोंद कोठेच होत नाही.

किल्ली कोणाच्या हाती

नागपूरने ख्रिस्ती समाजाला एकत्र येण्याचा एक मोठा धडा दिलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा निरनिराळ्या चर्च परंपरा एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बाप्तिस्मा केव्हा द्यावा, बिशप असावा की नसावा, अशा शेकडो वर्षांच्या मतभेदांवर कितीतरी वर्षे बोलणी झाली आणि मग माणसे एका छताखाली आली. भारतातल्या चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचे कार्यालयही याच शहरात आहे. मोठ्यांना जे जमले, ते पोट्ट्यांना जमायला हरकत नाही. दोन मंडळींच्या तरुण संघांची क्रिकेट फायनलमध्ये जुंपलेली भांडणे त्यापुढे किस झाड की पत्ती!

परंतु संस्था एकत्र येणे आणि संस्था पुढच्या पिढीच्या हाती जाणे, या दोन गोष्टी वेगळ्या. आपल्याकडे, मग ते गणेश मंडळ असो, वाचनालय असो की चर्चचा तरुण संघ, चाळिशी उलटलेले ‘तरुण अध्यक्ष’ काही कमी नाहीत. त्यांनी कष्ट केलेले असतात यात शंका नाही. पण सभागृहाची किल्ली त्यांच्याच खिशात राहते. वीस वर्षांच्या मुलाने नवे काही सुचवले की “आम्ही हे करून पाहिलंय” हे उत्तर तयार असते. मग तो मुलगा दुसरीकडे जातो, आणि अध्यक्ष महाशय पुढच्या सभेत आजकालच्या पोरांना कशाचे काही पडलेले नाही असे भाषण करतात.

म्हणून तरुण संघाच्या दादाची परीक्षा नाताळाच्या कार्यक्रमात होत नाही. ती होते तो आजारी पडला त्या रविवारी. त्या दिवशी सभागृह वेळेवर उघडले का, हजेरीची वही कोणी काढली का, मागच्या आठवड्यात न आलेल्या मुलीच्या घरी कोणी जाऊन आले का, धाकट्यांना घरी सोडायला दोघेजण थांबले का? हे सगळे त्याच्यावाचून झाले असेल, तर त्याला थोडेसे वाईट वाटेल. आपल्यावाचून काही अडले नाही, याचे वाईट कोणाला वाटत नाही? पण दुसऱ्या दिवशी त्याने किल्ली खिशातून काढावी आणि जिने हजेरीची वही काढली तिच्या हातावर ठेवावी. घरी बसून आजारातला चहा त्याने निवांत प्यावा. पोट्टे मोठे झाले.